‘जास्त वजन बांधा, सेफ राहाल’ म्हणणाऱ्या त्या स्कूबावाल्या मेसेजला उत्तर

दिवाळी झाली की मालवण-तारकर्लीची बुकिंगं सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर एक मेसेजही फिरायला लागतो. यंदा मला तो चार ग्रुपवर आला, त्यातला एक आमच्या घरचाच, पाठवणारा माझा मावसभाऊ, त्याचा मुलगा पुढच्या महिन्यात मित्रांबरोबर जाणारेय म्हणून त्याने टाकला आणि खाली लगेच सगळ्यांचे अंगठे, "खूप उपयोगी माहिती" वगैरे. मेसेजमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगते. एक, कमरेला दोन-चार किलो जास्तच बांधून घ्या, म्हणजे पाणी वर फेकत नाही आणि माणूस सेफ राहतो. दोन, काही झालं तर जॅकेटचं बटण दाबा, दोन सेकंदांत वर. तीन, पंधरा-वीस फुटांत काहीच होत नाही, खोल गेलं तरच धोका. चार, सिलेंडरमध्ये ऑक्सिजन असतो, तासभर पुरतो आणि मध्ये मध्ये श्वास रोखून धरला तर अजून जास्त पुरतो. पाच, सामान तपासणं हे त्या लोकांचं काम, आपण त्यात बोलायचं नाही. सहा, पोहता येत असेल तर वेगळं काही शिकायची गरज नाही.

सहाच्या सहा मुद्दे चुकीचे आहेत. काहींमध्ये चिमूटभर खरं आहे, ते मी सांगेनच, पण दोन-तीन तर असे आहेत की कोणी ते मनावर घेऊन पाण्यात उतरला तर जीव जाऊ शकतो, आणि म्हणून मला ग्रुपवर दोन ओळी लिहून गप्प बसणं जमलं नाही. मी नऊ वर्षं डाइव्ह करतेय, त्यातली शेवटची चार डाइव्हमास्टर म्हणून, म्हणजे नवीन लोकांबरोबर पाण्यात उतरायचं आणि त्यांना धड वर आणायचं हे काम. त्यामुळे जे लिहितेय ते हाताने केलेलं आहे.

पहिला मुद्दा वजनाचा, यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण पुढच्या निम्म्या चुका इथूनच निघतात. आधी हे शिसं कशासाठी असतं ते बघा. आपलं अंग पाण्यात थोडंफार तरंगतं, त्यावर वेटसूट घातला की अजून तरंगतं कारण त्या कापडात हवेचे बारीक बुडबुडे असतात. हे जे तरंगणं आहे तेवढंच मारायला बेल्टला शिसं लावायचं. त्यापेक्षा एक किलो जास्त लावलं तर तो किलो तुम्हाला खाली ओढणार, मग खाली जाऊ नये म्हणून जॅकेटमध्ये, म्हणजे बीसीडीमध्ये, साधारण एक लिटर हवा जास्त भरायला लागणार. इथेच सगळी गोम आहे. शिसं कुठल्याही खोलीवर तेवढंच राहतं पण हवा राहत नाही. वरती पाण्याच्या पृष्ठभागावर दाब १ बार (बार हे दाबाचं माप), १० मीटरवर २ बार, २० मीटरवर ३ बार, आणि दाब दुप्पट झाला की हवा निम्म्या जागेत मावते, कमी झाला की फुगते.

आता समजा तुम्ही ४ किलो जास्त बांधलंय. १० मीटरवर स्थिर राहायला जॅकेटमध्ये नुसत्या त्या जादा वजनासाठी ४ लिटर हवा भरली. एखादा मासा बघायला किंवा खडकावरून जायला तुम्ही वर सरकलात आणि ५ मीटरवर आलात, तिथे दाब दीड बार, तीच ४ लिटर हवा आता सव्वापाच लिटरच्या वर झाली. म्हणजे तुम्ही काहीही न करता तुम्हाला सव्वा किलोपेक्षा जास्त जोर वर ढकलतोय, त्या जोराने अजून वर जाता, हवा अजून फुगते, पृष्ठभागापर्यंत तीच हवा ८ लिटर होते. जो माणूस ‘पाण्याने वर फेकू नये’ म्हणून चार किलो जास्त बांधून आला त्यालाच पाणी सगळ्यात जोरात वर फेकतं. आणि उलट दिशेने गेलात तर तीच हवा आक्रसते आणि तुम्ही दगडासारखे खाली. बरोबर वजन असलेल्या माणसाच्या जॅकेटमध्ये मुळात हवाच थोडी असते, त्यामुळे तो दोन मीटर वर-खाली झाला तरी नुसत्या श्वासावर सांभाळून घेतो.

हे मी पुस्तकात शिकले होते, परीक्षेत बरोबर लिहिलंही होतं, पण कळलं उशिरा. कोर्स झाल्यावर कोकणातच एका सेंटरबरोबर गेले होते, माझं वजन तेव्हा ५८ किलो, अंगात ३ मिलिमीटरचा सूट, आणि बेल्टला ९ किलो लावून दिलं. मी विचारलंही नाही. खाली पाय जड, डोकं वर, सगळं अंग तिरकं, फिन्स, म्हणजे पायातले रबरी पंखे, मारल्या की मागे वाळूचा नुसता धुरळा, आणि माझा अंगठा सतत जॅकेटच्या बटणावर, भर-सोड, भर-सोड. २८ मिनिटांत टाकी २०० वरून ५० बारवर. वर बोटीत आल्यावर आमचा तांडेल, सत्तरीच्या जवळचा माणूस, आयुष्यात रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारं तोंडात धरायचं यंत्र, तोंडात घातला नसेल पण पाण्यावरचे बुडबुडे बघून खाली काय चाललंय ते त्याला कळतं, तो मला म्हणाला, "बाय, तुका समुद्र बघूचो आसा की तळ खणूचो?" दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका गाइडने एकेक शिसं काढत मला ५ किलोवर आणलं. तीच जागा, तेवढीच खोली, आणि टाकी ४० मिनिटं चालली. फरक फक्त त्या चार किलोंचा, कारण तिरकं अंग पाण्यातून ढकलायला जास्त ताकद लागते, जास्त ताकद म्हणजे जास्त श्वास, आणि वर जॅकेटमध्ये सारखी हवा वाया.

वाळूचा धुरळा मी म्हटलं, पण वाळूऐवजी खाली पोवळं असतं तेव्हा काय होतं तेही बोलायला हवं. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचं, हे तिथे जाणाऱ्या दहातल्या नऊ लोकांना माहीत नसतं. जादा वजनाचा माणूस तरंगू शकत नाही म्हणून तो उभा राहतो, आणि उभा राहतो तो पोवळ्यावर. एका फिनच्या फटक्यात जे मोडतं ते वाढायला वर्षानुवर्षं लागलेली असतात. मला हे बघताना खरंच वाईट वाटतं.

मग नवीन माणसाला ‘मी खालीच जात नाही, वजन कमी पडतंय’ असं का वाटतं? बहुतेक वेळा वजन कमी नसतं, छातीत हवा भरलेली असते. घाबरलेला माणूस पूर्ण श्वास घेतो आणि सोडताना अर्धाच सोडतो. फुप्फुसात दोन-तीन लिटर हवा जास्त राहिली म्हणजे दोन-तीन किलो तरंगणं वाढलं, सरळ हिशोब आहे. त्यात तो उभ्याने पाय मारत असतो, त्याने शरीर वरच ढकललं जातं, आणि जॅकेटचा पाइप अर्धवट वाकलेला असतो म्हणून आतली हवा निघतच नाही. अशा वेळी मी काय करायला सांगते तर पाय एकदम थांबव, पाइप डोक्याच्या वर सरळ धर, सोडायचं बटण दाब, आणि श्वास सोड, सोड, अजून सोड, मेणबत्त्या विझवल्यासारखा लांब. चार-पाच सेकंद काही होत नाही आणि मग माणूस आपोआप खाली जायला लागतो. श्वासाचा परिणाम लगेच दिसत नाही, काही सेकंदांनी दिसतो, तेवढा धीर धरला की निम्मे लोक जादा वजन मागायचं सोडून देतात.

या मुद्द्यात चिमूटभर खरं आहे ते असं. टाकीतल्या हवेला वजन असतं. आपल्याकडे सगळीकडे दिसते ती ॲल्युमिनियमची ११ लिटरची टाकी २०० बारला भरली की आत साधारण २२०० लिटर हवा असते, तिचं वजन अडीच किलोच्या वर. ती हवा तुम्ही वापरली की टाकी हलकी होते आणि शेवटी शेवटी तरंगायला लागते, आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला ५ मीटरवर ३ मिनिटं सेफ्टी स्टॉपसाठी, म्हणजे पूर्ण वर येण्याआधीच्या थांब्यासाठी, थांबायचं असतं. वजन खरंच कमी असेल तर तिथे थांबता येत नाही, वर निघून जाता, तेही धोक्याचंच. म्हणून वजन बघायचं ते टाकी संपत आल्यावर. ५० बार उरले असताना जॅकेट पूर्ण रिकामं करायचं, साधा श्वास घेऊन स्थिर राहायचं, पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं पाहिजे, श्वास सोडला की हळूहळू बुडायला पाहिजे. भरलेल्या टाकीवर बघितलं असेल तर त्यात साधारण दोन किलो धरायचे. म्हणजे ते दोन किलो हिशोबातले आहेत, ‘सेफ राहायला वरून’ घेतलेले नाहीत. आणि हो, पुण्यातल्या स्विमिंग पूलमधला आकडा समुद्रात चालत नाही, खारं पाणी जड असतं, त्यात दोन-अडीच किलो जास्त लागतं.

आणि टुरिस्ट म्हणून जे एकदाच पंधरा मिनिटं जातात त्यांना सेंटरवाले थोडं जास्त वजन लावतात हेही खरंय, कारण घाबरलेला माणूस मध्येच तरंगत सुटू नये. पण तिथे एका माणसाचा हात सतत तुमच्या टाकीवर असतो आणि हवा भरणं-सोडणं तोच करत असतो. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा तेच बघितलं आणि सगळ्यांना नियम म्हणून सांगितलं.

आता बटण. "काही झालं तर बटण दाबा, दोन सेकंदांत वर." या ओळीने माझी झोप उडाली होती. हे बटण लिफ्टचं नाहीये हो. आत्ता वर हिशोब केला तसं, जॅकेटमध्ये हवा भरून तुम्ही वर निघालात की ती हवा वाटेत फुगतच जाते, म्हणजे वेग वाढतच जातो, आणि तो थांबवायला हवा सोडावी लागते, भरावी नाही. वर यायचा वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त नको असं साधारण शिकवतात, म्हणजे १० मीटरवरून यायला मिनिटभराच्या वर. दोन सेकंदांत नाही. वर यायचं ते फिन्स हळू मारत, एक हात डोक्यावर, दुसऱ्या हातात पाइप उंच धरून थोडी थोडी हवा सोडत, नजर वर आणि कान उघडे. कान यासाठी की मालवणात तुमच्या डोक्यावर जेटस्की, बनाना बोट, पॅरासेलिंगची बोट, मच्छीमारांची होडी सगळं फिरत असतं, खालून त्यांचा आवाज येतो पण नेमका कुठून येतोय ते पाण्यात कळत नाही. बटण दाबून बुचासारखा वर उसळलेला माणूस कुठल्या बोटीच्या पंख्याखाली येईल ते त्याच्या हातात राहत नाही.

बटण दाबायचं ते वर आल्यावर, पृष्ठभागावर, तरंगत राहायला. आणि टाकी रिकामी झाली असेल तर ते बटण काही करतच नाही हेही त्या मेसेजमध्ये नाही, कारण जॅकेट फुगतं ते टाकीतल्याच हवेने. तेव्हा तोंडाने फुगवायचं, किंवा बेल्टचं बकल उघडून शिसं सोडून द्यायचं. एका हाताने उघडतं ते, त्यासाठीच तसं बनवलंय. डायव्हिंगमध्ये गेलेल्या कितीतरी लोकांच्या कमरेला बेल्ट तसाच बांधलेला सापडतो, पृष्ठभागावर येऊनही तो सोडायचं सुचत नाही, हे बचाव शिकवताना आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितलं जातं. शेवटी शिसंच ते, परत विकत मिळतं.

अजून एक गोष्ट, हे बटण अडकतं. मिठाचे कण, बारीक वाळू, सीझनभर गोड्या पाण्याने न धुतलेलं जॅकेट, आणि मग एक दिवस बटण दाबल्यावर परत वर येतच नाही आणि हवा भरतच राहते. माझ्या समोर एकदा झालंय, १४ मीटरवर, माझ्याबरोबर असलेल्या माणसाला. त्याने काय केलं तर एका हाताने मागची दोरी ओढून जॅकेटमधली हवा सोडायचा डंप व्हॉल्व्ह उघडा ठेवला आणि दुसऱ्या हाताने टाकीकडून हवा आणणाऱ्या पाइपचं कपलिंग, म्हणजे जोड, मागे ओढून वेगळं केलं, हवा बंद. सगळं मिळून चार-पाच सेकंद. हे त्याला जमलं कारण तो दर ट्रिपला बोटीवर बसल्या बसल्या तो पाइप दोनदा काढून लावायचा. तुमचं जॅकेट कुठलंही असो, ही एक गोष्ट कोरड्यात करून बघा, हात ओला असताना ते कपलिंग निसटतं, ते कसं धरायचं हे बोटांना माहीत असायला पाहिजे.

तिसरा मुद्दा, उथळ पाण्यात काही होत नाही. उलट आहे. १० मीटरवरून पृष्ठभागावर येताना हवा दुप्पट होते, ३० मीटरवरून २० वर येताना ती तिसऱ्या हिश्श्यानेच वाढते. म्हणजे आकारातला सगळ्यात मोठा बदल शेवटच्या दहा मीटरमध्येच असतो. दाबाखाली पूर्ण श्वास घेतला आणि तो रोखून वर आलात तर ती हवा फुप्फुसात फुगते, फुप्फुसाच्या बारीक पिशव्या फाटतात आणि हवा रक्तात जाते, तिथून मेंदूत. याला किती खोली लागते माहितीये? साधारण १.२ मीटर पुरते. चार फूट. घराजवळच्या पूलमध्ये उभं राहिलात तर पाणी छातीपर्यंत येतं तेवढी खोली, आणि मेसेज सांगतोय पंधरा-वीस फुटांत काहीच होत नाही.

आणि आता याच्या शेजारी चौथ्या मुद्द्यातली ती ओळ ठेवा, ‘श्वास रोखून धरला तर हवा जास्त पुरते’. आधी जादा वजन, मग बटण दाबून वर, आणि तेही श्वास रोखून, तिन्ही सल्ले एका माणसाने एकत्र पाळले तर काय होईल याचा विचार करून माझ्या पोटात खड्डा पडतो. स्कूबा शिकवताना पहिल्या दिवशी पहिलं वाक्य असतं, श्वास कधीही रोखायचा नाही. रेग्युलेटर तोंडातून निघाला तरी बारीक बुडबुडे सोडत राहायचं, ‘आऽऽ’ म्हणत. हवा पुरवायची असेल तर श्वास लांब आणि संथ घ्या, हालचाल कमी करा, आणि वजन बरोबर करा. रोखल्याने काही वाचत नाही, आत कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं दुखतं आणि पुढचे श्वास अजून धापेचे होतात.

ऑक्सिजनचं लवकर सांगते. टाकीत साधी हवा असते, आपण घेतो तीच, २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन, फक्त गाळलेली, कोरडी आणि दाबून भरलेली. पेपरवालेही ‘ऑक्सिजन सिलेंडर’ लिहितात म्हणून हे पसरलंय. शुद्ध ऑक्सिजन घेऊन ६ मीटरच्या खाली गेलं तर तोच विषारी ठरू शकतो, माणसाला झटके येतात आणि पाण्यात झटका म्हणजे तोंडातला रेग्युलेटर गेला. शुद्ध ऑक्सिजनची खरी जागा बोटीवर आहे, प्रथमोपचारासाठी. बुकिंग करताना ‘बोटीवर ऑक्सिजन किट आहे का’ एवढं विचारा, उत्तर कसं मिळतं त्यावरून बरंच कळतं.

आणि तासभर? शांत माणूस वर मिनिटाला २० लिटर हवा घेतो असं धरा. १० मीटरवर तेवढ्याच श्वासाला ४० लिटर लागतात कारण हवा दुप्पट दाबाची असते. २०० बारातले ५० राखीव ठेवले तर हातात १५० बार गुणिले ११ लिटर, म्हणजे १६५० लिटर, भागिले ४०, एक्केचाळीस मिनिटं. २० मीटरवर तीच टाकी सत्तावीस मिनिटं. घाबरलेला, जादा वजनाचा, पाय आपटणारा माणूस याच्यापेक्षा कितीतरी आधी संपवतो. ‘तासभर पुरते’ असं मनात धरून गेज, म्हणजे टाकीत किती हवा उरली ते दाखवणारा काटा, न बघणाऱ्या माणसाला हवा कधी संपते ते संपल्यावरच कळतं.

पाचवा मुद्दा, सामान बघणं त्यांचं काम. त्यांचं आहेच, आणि बरेच लोक ते मनापासून करतात, मालवणात असे गाइड आहेत ज्यांच्या हाती मी डोळे मिटून माझ्या घरच्यांना देईन. पण सीझनमध्ये एकेका बोटीवर किती माणसं असतात ते तुम्ही बघितलंय, सकाळपासून चौथी-पाचवी फेरी, आणि टाकी बदलणारा मुलगा थकलेला. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंगच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेचा २००८ साली आलेला एक अभ्यास आहे, डायव्हिंगमधल्या ९४७ मृत्यूंचा. त्यात ज्या ज्या प्रकरणात सुरुवात कशाने झाली ते कळलं त्यातल्या ४१ टक्क्यांत हवा संपली किंवा अपुरी पडली होती, २० टक्क्यांत माणूस कुठेतरी अडकला होता आणि १५ टक्क्यांत सामानाची अडचण होती. म्हणजे सगळ्यात मोठं कारण कुठलंही अवघड यंत्र नाही, एक काटा आहे जो कोणी वेळेवर बघितला नाही.

त्या काट्याचं मला स्वतःला झालेलं सांगते. माझी कोर्सनंतरची सहावी-सातवी डाइव्ह असेल. बोटीवर गेज बघितलं, २०० बार, उत्तम. रेग्युलेटरमधून दोन श्वास घेतले, बरोबर येतायत, उतरले. १२ मीटरवर श्वास जड व्हायला लागला, जसं जाड कापडातून ओढतोय. गेज बघितलं तर श्वास घेतला की काटा १७० वरून धाडकन ८० वर, सोडला की परत १७०. मला त्याचा अर्थच लागला नाही, टाकीत हवा भरपूर आहे आणि मला मिळत नाहीये एवढंच कळत होतं. बडीला, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराला, खूण केली, त्याचा पिवळा ऑक्टोपस, म्हणजे जादाचा रेग्युलेटर, घेतला, गाइड आला, त्याने माझ्या मागे हात घालून टाकीचा नॉब फिरवला, आणि काटा स्थिर. झालं होतं काय तर कोणीतरी ‘पूर्ण उघडून पाव फेरी मागे’ ही जुनी पद्धत वापरायला गेला आणि घाईत दिशा उलटी झाली, पूर्ण बंद करून पाव फेरी उघडा राहिला. वरती तेवढ्याने भागतं, खाली दाट हवा लागते तेव्हा तेवढ्या फटीतून ती येत नाही. म्हणूनच आता नॉब पूर्ण उघडा ठेवा असं शिकवतात, पाव फेरीचा खेळच नको.

मी फक्त आकडा बघितला होता, काटा बघत श्वास घेतला नव्हता. हे एक तुम्ही करा, पहिल्यांदा जात असाल तरी. रेग्युलेटर तोंडात, गेज डोळ्यांसमोर, चार खोल श्वास. काटा जागचा हलला नाही पाहिजे. हलला तर नॉब नीट उघडलेला नाही, सांगा. त्याच श्वासात हवेची चव आणि वास बघा. डिझेलचा किंवा तेलाचा वास आला तर ती टाकी घेऊ नका, अजिबात संकोच नको. कंप्रेसरचं हवा ओढायचं तोंड इंजिनच्या धुराजवळ असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत जातो, त्याला स्वतःला वास नसतो पण त्याच्याबरोबरच्या धुराला असतो, आणि खोलीवर दाबामुळे तोच वायू जास्त घातक होतो.

बाकी एकेक बघायचं ते असं. टाकी जॅकेटला बांधायचा पट्टा कोरड्यात करकचून आवळला तरी पाण्यात भिजला की सैल होतो, म्हणून तो आधी भिजवून मग आवळायचा, आणि टाकीचा नॉब धरून उचलून बघायचं की जॅकेट घसरत नाही ना. होज जिथे धातूला जोडलेली असते तिथे वाकवून बघायची, चिरा तिथेच पडतात आणि बऱ्याचदा वरच्या रबरी बाहीखाली लपतात. तोंडात धरायच्या रबरी तुकड्याला फाट नको, नाहीतर प्रत्येक श्वासाबरोबर पाण्याचा घोट. पिवळा ऑक्टोपस छातीवर क्लिपला हवा, मागे चिखलात लोंबणारा नको. जॅकेट गच्च फुगवून दोन-तीन मिनिटं ठेवायचं आणि कान लावायचा. टाकीच्या खांद्यावर ठोकलेली टेस्टची तारीख वाचायची. या सगळ्याला मला पाच मिनिटं लागतात, तुम्हाला दहा लागतील. कोणी तुम्हाला ‘मॅडम, सगळं ओके आहे, चला’ म्हणून घाई करत असेल तर शांतपणे म्हणा, मला एकदा बघू द्या. चांगला गाइड यावर कधीच चिडत नाही, उलट त्याला बरं वाटतं की हा माणूस खाली गेल्यावरही लक्ष देईल.

स्वतःचं सामान असणाऱ्यांसाठी एकच, रेग्युलेटर धुताना त्याची टोपी लावल्याशिवाय पाण्यात बुडवू नका आणि बुडवलेला असताना समोरचं बटण दाबू नका, पाणी आत जातं आणि सहा महिन्यांनी हिरवा गंज दिसतो. सर्व्हिसिंग कंपनी सांगते तेव्हा करा, बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांचं असतं, ‘चालतंय की’ म्हणून पाचव्या वर्षात नेऊ नका.

राहिला सहावा मुद्दा, पोहण्याचा. पोहता येणं उत्तमच, ओपन वॉटर कोर्सला २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं करून दाखवावंच लागतं. पण पोहणाऱ्याच्या अंगात तीन सवयी भिनलेल्या असतात, पाण्याखाली श्वास रोखणं, हात मारणं आणि घाबरलं की वर झेपावणं. स्कूबात तिन्ही उलट्या पडतात. मी बघितलेल्या नवख्यांमध्ये शांतपणे तरंगायला सगळ्यात लवकर शिकली ती एक शाळेतली बाई होती, तिला पोहणं जेमतेम येत होतं, पण ती रोज प्राणायाम करायची आणि सांगितल्यावर हात छातीशी बांधून निवांत राहायची. गावच्या विहिरीत लहानपणापासून सूर मारणाऱ्या तिच्या नवऱ्याला तेच जमायला तीन दिवस लागले.

मावसभावाच्या मुलाचा काल फोन आला. म्हणाला, "आत्या, मग मी त्यांना वजन कमी करायला सांगू का?" मी म्हटलं, नको, पहिल्या वेळी ते त्यांना ठरवू दे, तुझ्याबरोबर त्यांचा माणूस असणार आहे. तू फक्त बोटीवर गेज समोर धरून चार श्वास घे, बेल्टचं बकल एका हाताने उघडून परत लावून बघ, आणि खाली काहीही झालं तरी बुडबुडे सोडत राहा. त्याने ते तिन्ही वहीत लिहून घेतलं आणि मेसेज ग्रुपवरून काढायला वडिलांना सांगतो म्हणाला.